आधी वाळूच्या गोण्या

नवी मुंबईतल्या खारघरच्या माणसाला रिकाम्या मेट्रोचं अप्रूप राहिलेलं नाही. आमच्याकडे ती बराच काळ रिकामीच धावायची, आत सगळे दिवे लागलेले, दारं शिस्तीत उघडतायत मिटतायत, आणि प्रवासी म्हणून एक माणूस नाही, फार तर नारिंगी जॅकेटवाले दोघं-तिघं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. घरी आलेले पाहुणे गॅलरीतून बघून म्हणायचे, अरे वा, झाली की सुरू तुमची मेट्रो! मग आपण सांगायचं, नाही हो, ट्रायल आहे. हे वाक्य मी, बायको, आमचा वॉचमन आणि स्टेशनखाली शहाळी विकणारा, सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

खालून स्टेशन बघायला पण मजा यायची. एस्कलेटर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, शटर अर्धं खाली, आणि पहिल्याच पायरीवर एक कुत्रा कायमचा मुक्कामाला. सिक्युरिटीवाला खुर्चीवर. कोणी चुकून वर जायला लागला की खुर्चीतनं न उठता नुसता हात हलवायचा. त्या माणसाने भरती झाल्यापासून लोकांना परत पाठवण्याशिवाय दुसरं काहीच काम केलेलं नसणार.

बेलापूर ते पेंधर, 11.1 किलोमीटर, 11 स्टेशनं. सिडकोची ही लाइन, भूमिपूजन झालं 1 मे 2011 ला आणि लोक प्रत्यक्षात बसले 17 नोव्हेंबर 2023 ला. म्हणजे भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेली पोरं सातवीत गेली. मधल्या काळात कंत्राटदार बदलले, स्टेशनांची कामं रखडली, ते सगळं आहेच, पण बिल्डरांच्या ब्रोशरमध्ये मात्र मेट्रो पहिल्या दिवसापासून वेळेवर धावत होती, 'मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटं', आणि त्या पाच मिनिटांचे पैसे लोकांनी फ्लॅटच्या भावात मोजले पण.

तर आमच्या बिल्डिंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांचा एक लाडका मुद्दा होता. गाडी पळतेय ना, वीज जळतेय ना, मग बसवा की माणसं, फुकट कशाला पळवताय! ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण मला ते कधी पटलं नाही, कारण गाडी पळणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, खरी परीक्षा तिला थांबवण्याची असते. भरलेल्या गाडीने किती अंतरात थांबायला पाहिजे याचं गणित असतं आणि ते कागदावर सुटून चालत नाही, म्हणून माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या डब्यात रचतात आणि मग टप्प्याटप्प्याने स्पीड वाढवत नेतात, मधेच कचकन इमर्जन्सी ब्रेक मारतात, रूळ कोरडे असताना मारतात, ओले करून मारतात. डबा किती हलतो, वळणावर किती कलतो, सगळं यंत्रावर नोंदवतात, ही ऑसिलेशन ट्रायल. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट, ती तार गाडीला कुठे सोडत तर नाही ना तेही बघतात. सिग्नल सिस्टीम एकाची, डबे दुसऱ्याचे, दारं तिसऱ्याची, ती एकमेकांशी नीट बोलतायत की नाही यातच महिने जातात. दारात मुद्दाम एक छोटा ठोकळा धरून बघतात की दार परत उघडतंय का. आणि एवढं करून गोणी ती गोणीच. ती दारात लटकत नाही, धावत येऊन मिटत्या दारात बॅग खुपसत नाही, वाशीला उतरायचं असून पनवेलच्या गाडीत मधोमध उभी राहत नाही. ती कामं आपली, त्यामुळे आपल्या आधी गोण्या गेलेल्या बऱ्या.

हे सगळं झालं की आरडीएसओचे, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेचे लोक गाडी तपासून अहवाल देतात, ते लखनौचे. मग येतात मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त, सीएमआरएस म्हणतात ते. स्टेशन, जिने, आग विझवायची सोय, कंट्रोल रूम, रूळ, सगळं स्वतः फिरून बघणार, आणि त्यांची सही असल्याशिवाय एकही प्रवासी चढत नाही. ते ज्या रेल्वे सुरक्षा आयोगाचे, त्याचं मुख्य ऑफिस पण लखनौलाच. आता गंमत ऐका, हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, मेट्रो बांधणाऱ्यांच्या खात्याखाली पण नाही, ते येतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली! म्हणजे रुळावरच्या गाडीला पास-नापास करणार विमानवाले. पण विचार केला तर फार शहाणपणाची व्यवस्था आहे ही, गाडी चालवणाऱ्यानेच स्वतःचा पेपर तपासायचा नाही. सोसायटीच्या ऑडिटरबद्दल आम्ही हेच सांगून थकलो, असो.

म्हणून ट्रायलच्या काळाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या काळाबद्दल. आमच्या लाइनच्या एका भागाचं सेफ्टी सर्टिफिकेट आधीच मिळालं होतं, बेलापूरपर्यंतच्या उरलेल्या भागाचं जून 2023 मध्ये मिळालं. मग जुलै गेला, ऑगस्ट गेला, गणपती आले आणि गेले, दसरा झाला, दिवाळी आली. गाडी तयार, स्टेशन तयार, एस्कलेटरचं प्लास्टिक निघालेलं, आणि रोज बातमी की उद्घाटनाला मोठे पाहुणे अमुक तारखेला येणार, मग परत बातमी की ती तारीख गेली. पसंती झाली, याद्या झाल्या, हॉल बुक झाला आणि लग्न अडलं कशावर, तर नवरीमागे उभं राहायला मामा मोकळा नाही. शेवटी भाऊबीज उरकली न उरकली तोच, कसलाही समारंभ न करता, एका दुपारी तीन वाजता दारं उघडली आणि लोक आत गेले. इतकंच करायचं होतं तर.

पण गॅलरीतून हे दोन्ही काळ सारखेच दिसतात हो. तीच गाडी, तेच दिवे, तसाच रिकामा डबा. ब्रेक तपासायला थांबवलंय की फीत कापायला थांबवलंय हे खालच्या माणसाला कळायला मार्गच नाही, त्यामुळे तो दोघांना एकच शिवी घालतो आणि बिचारे ते लॅपटॉपवाले फुकट शिव्या खातात. माझं म्हणणं, प्रत्येक बंद स्टेशनाबाहेर एक साधा फळा लावा. आज ब्रेक. उद्या दारं. परवा सीएमआरएस. तेरवापासून पाहुण्यांची वाट. लोक समजून घेतील, निदान शिवी तरी नेमक्या ठिकाणी जाईल.

सुरू झाल्यावर काकाच पहिल्या आठवड्यात नातवाला घेऊन पेंधरपर्यंत जाऊन आले आणि गाडी दर पंधरा मिनिटांनीच का, तिकीट 40 रुपये का, यावर नवीन मुद्दे घेऊन आले. सप्टेंबर 2024 मध्ये तिकीट जास्तीत जास्त 30 वर आलं तेव्हा ते श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं.

माझा मेहुणा घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीला. ठाण्याचे लोक या बाबतीत आमच्यापेक्षा पोळलेले. शहराच्या आतली त्यांची रिंग मेट्रो आधी मेट्रो होती, मधे लाइट रेल होणार म्हणाले, मग परत मेट्रो, तिला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, 29 किलोमीटर आणि 22 स्टेशनं. घोडबंदरची मेट्रो 4 मात्र डोळ्यासमोर उभी राहिली. सप्टेंबर 2025 मध्ये नवरात्र बसलं त्या दिवशी गायमुख ते विजय गार्डन ट्रायल रन झाली आणि रात्री याचा फोन, आवाजात नुसता जल्लोष.

"भाऊजी, धावली! आता या दिवाळीत तुम्ही आमच्याकडे मेट्रोनेच या."

म्हटलं, "मोघरपाड्याचा डेपो झाला का?"

"तो होईल हो, काम चालूय."

"गोण्या चढवल्या का?"

"कसल्या गोण्या?"

"बरं, लखनौहून कोणी येऊन गेलं का?"

जरा वेळ तिकडून काही नाही, मग म्हणाला, "ताईला द्या फोन."