व्होल्ट-१५७ : शिट्टी अजून फाटतेय (भाग ४)

मागच्या वेळी ऐटीत लिहिलं होतं, ओटिस रेडिंगच्या ‘डॉक ऑफ द बे’ची जुनी तबकडी (व्होल्ट कंपनीची, क्रमांक १५७) दोन दिवसांत डिजिटाइज करून टाकतो. तीन आठवडे झाले. परवा रात्री कुठे वाट सापडली.

आधी फजिती सांगतो. सुरुवातीची सरसर धुळीची समजून मी तबकडी तीनदा धुतली. त्या लाटा निघाल्या! ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ला विमान अपघातात गेला, वय अवघं २६. लाटा आणि सीगलचे आवाज घातले त्याचा गिटारवादक आणि निर्माता स्टीव्ह क्रॉपरने, त्याच्या माघारी मिक्स करताना. म्हणजे मी मेहनतीने क्रॉपरचंच काम धूत होतो.

आता खरं दुखणं. गाण्याच्या शेवटी ओटिस वाजवतो ती शिट्टी. ती येते नेमकी लेबलाजवळ, जिथे खाचा आखडतात आणि सुईची सगळ्यात जास्त परीक्षा होते. संशय अलाइनमेंटवर, म्हणजे सुई खाचेत कोणत्या कोनात बसते त्यावर. ती बसवायची बेअरवाल्ड पद्धत सोडून स्टीव्हन्सनवर गेलो, कारण तिचा आतला शून्यबिंदू (जिथे सुई खाचेला अगदी सरळ असते) मध्यापासून ६०.३ मिमीवर, सात इंची तबकडीला सोयीचा. फरक शून्य. मग पट्टी लावली तर प्रोट्रॅक्टरच (कोन जुळवायचा छापील कागद) बारीक छापलेला! प्रिंटरमध्ये ‘फिट टू पेज’ चालू होतं. (फुकटची पीडीएफ वापरा, पण आधी मोजा.) नीट छापून पुन्हा बसवलं. शिट्टी थोडी सुधारली, पण गाण्यातल्या ‘स’च्या उच्चाराला बोचरी धार होतीच.

वैतागून उलटी बाजू लावली, ‘स्वीट लोरीन’. शेवटपर्यंत स्वच्छ! म्हणजे दोष माझ्या सुईचा नाही, आधीच्या मालकाच्या सुईचा. त्याचा तरी काय दोष? मार्च १९६८पासून हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरावर होतं. गायकाच्या मृत्यूनंतर तिथे पोचलेलं पहिलंच. बिचाऱ्याने ए बाजू अक्षरशः झिजवली. विक्रेत्याने ‘एक्सलंट’ लिहिलं होतं, ते बहुधा बी बाजू ऐकून.

इथवर लिहून थांबलो, कारण एक गोष्ट डोक्यात आली. ही सिंगल (एका बाजूला एकच गाणं असलेली तबकडी) मोनो आहे. खाचेच्या दोन्ही भिंतींवर, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलांत, तेच गाणं. अँटी-स्केटिंग (आतली ओढ रोखणारी सोय) नसलेला सुईचा आर्म आत ओढला जातो, तेव्हा जास्त झिजते ती आतली भिंत, म्हणजे डावं चॅनेल. मग दोन्ही चॅनेल मिसळायची कशाला? डावं बंद केलं, नुसतं उजवं ऐकलं.

शिट्टी आली हो! किंचित खरखर आहे, पण फाटत नाही. गाण्यातला बास वाजवणाऱ्या डक डनचा बासही मोकळा झाल्यासारखा वाटला. तो माझ्या आनंदाचा परिणामही असेल. सलग अकरा वेळा ऐकलं, घरच्यांनी दार लावून घेतलं.

डी-क्लिकर (टिकटिक पुसणारं सॉफ्टवेअर) मात्र या शेवटाला लावणार नाही, तो शिट्टीलाच क्लिक समजून खातो. मायक्रोलाइन (जास्त बारीक टोकाची) सुई घ्यायचा बेतही तूर्त रद्द. त्या पैशांत दुसरी प्रत बघतो, आणि यावेळी विक्रेत्याकडून शेवटच्या वीस सेकंदांची क्लिप मागून घेणार.