डॉलीकडून आलेलं टपाल

आमच्या पत्रपेटीत दर महिन्याला लेकीच्या नावाने एक पुस्तक येतं. लेक तीन वर्षांची. वाचता येत नाही, पण टपालावरचं स्वतःचं नाव बरोब्बर ओळखते आणि दारातूनच ओरडते, "डॉलीने पाठवलं!"

ती जन्मली तेव्हा दवाखान्यात कागदांच्या गठ्ठ्यात एक फॉर्म होता, तो भरून दिला. पैसे नाहीत, उत्पन्नाचा दाखला नाही. फुकट म्हटलं की आपल्याला आधी संशय येतो, मलाही आला. इथे अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलमध्ये, शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, ती आमची डॉली आहे."

डॉली पार्टन, अमेरिकेतल्या गावाकडच्या मातीतल्या, म्हणजे कंट्री संगीताची नामवंत गायिका. मला ती फक्त भलामोठा सोनेरी विग आणि चमचमते कपडे एवढीच माहीत होती. इथून तासाभरावरच्या सेव्हियर काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), १९ जानेवारी १९४६चा जन्म, बारा भावंडांतली चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना वडिलांनी फी म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं, कारण घरात रोकड नव्हती. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर शाळेतली पोरं हसली, त्यावर तिने पुढे 'कोट ऑफ मेनी कलर्स' (अनेक रंगांचा कोट) हे गाणं लिहिलं. माझ्या आईला फोनवर त्या गाण्याचा अर्थ सांगितला तर म्हणाली, "म्हणजे गोधडीच की गं." कंट्री संगीत समजावून सांगायचे माझे कष्ट तिथेच वाचले.

१९६४मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी डॉलीने कंट्री संगीताचं माहेरघर असलेलं नॅशव्हिल गाठलं. १९६७पासून पोर्टर वॅगनर या बड्या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात सात वर्षं गायली. सोडायचं ठरवलं तेव्हा तो ऐकेना. वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून तिने निरोपाचं गाणंच लिहिलं: 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ते गाणं रॉक अँड रोलचा राजा म्हणवल्या जाणाऱ्या एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. ती हरखून गेली. पण त्याच्या मॅनेजरने गाण्याच्या हक्कांतला निम्मा वाटा मागितला. तिने नाही म्हटलं, आणि रात्रभर रडली. समोर एल्विस, आणि ही नाही म्हणते! १९९२मध्ये तेच गाणं गायिका व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, जगभर गाजलं, आणि हक्क डॉलीकडेच होते. त्या विगखाली काय डोकं आहे, ते मला तेव्हा कळलं.

पुस्तकांचं काम तिने १९९५मध्ये आपल्या काउंटीपुरतं सुरू केलं. जन्मापासून पाच वर्षांपर्यंत महिन्याला एक. आता पाच देशांत मिळून २० कोटींहून जास्त पुस्तकं वाटून झालीत. याचं कारण तिचे वडील. तंबाखूची शेती करणारा, व्यवहाराला पक्का माणूस, पण लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची आयुष्यभर लाज वाटत होती. म्हणून तिने त्यांनाच या कामात हाताशी घेतलं. गावातली पोरं तिला 'पुस्तकवाली बाई' म्हणतात, याचं त्यांना गाण्यांपेक्षाही जास्त कौतुक होतं.

मागच्या महिन्यात आम्ही तिच्या काउंटीतल्या सेव्हियरव्हिल गावाला गेलो. कोर्टासमोर १९८७पासून तिचा ब्राँझचा पुतळा आहे: दगडावर बसलेली, हातात गिटार, पाय अनवाणी. लेकीने खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं आणि विचारलं, "हिच्या चपला कुठेत?"

पुतळा म्हटला की कबुतरं आलीच. वडील गेल्यावर डॉलीला घरच्यांकडून कळलं, की ते रात्री साबणाचं पाणी ट्रकमध्ये घालून कोर्टापाशी जायचे आणि कुणाला न सांगता लेकीच्या अंगावरची घाण घासून काढायचे.