ॲमस्टरडॅमच्या माळ्यावरचं चर्च

नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या डोम चर्चमध्ये एका कोनाड्यात दगडी कोरीवकाम आहे. मारियेची आई संत ॲन, मारिया, बाळ येशू आणि भोवती माणसं. वस्त्रांच्या चुण्या शाबूत आहेत, रंगाचे अंशही टिकलेत, पण चेहरे तासून टाकलेत. कपाळापासून हनुवटीपर्यंत सपाट दगड. ज्यानं हे केलं त्यानं बाकीच्या शिल्पाला फारसा धक्का लावलेला नाही. पुढे हे शिल्प भिंतीआड गेलं आणि थेट १९१९ साली सापडलं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते.

ऑगस्ट १५६६ मध्ये फ्लँडर्समधून मूर्तिभंजनाची लाट उठली आणि दोनच आठवड्यांत अँटवर्प, ॲमस्टरडॅम, उट्रेक्टपर्यंत पोहोचली. कोरीव मूर्ती करू नकोस ही बायबलमधली आज्ञा कॅल्व्हिनपंथी, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट, अक्षरशः पाळायला निघाले होते. स्पेनचा कॅथलिक राजा दुसरा फिलिप तेव्हा या मुलखाचा धनी. त्यानं सैन्य पाठवलं, माणसं जाळली, फासावर दिली. त्यातून पेटलेलं युद्ध १६४८ पर्यंत चाललं.

याच डोमला लागून असलेल्या सभागृहात २३ जानेवारी १५७९ रोजी उट्रेक्टचा करार झाला, फिलिपविरुद्ध एकत्र आलेल्या डच प्रांतांचा. त्याच्या तेराव्या कलमात म्हटलंय की धर्मावरून कोणाचा छळ करायचा नाही, की कोणाची चौकशीही करायची नाही. सोळाव्या शतकातल्या युरोपात हे लिहिणं ही लहान गोष्ट नव्हे. आणि पुढच्याच वर्षी याच उट्रेक्टमध्ये कॅथलिकांच्या जाहीर उपासनेवर बंदी आली! मनात काय मानायचं ते माना, पण चारचौघांत नको. या तडजोडीचा अर्थ मला ॲमस्टरडॅमला गेल्यावर नीट कळला.

उट्रेक्टहून रेल्वेनं ॲमस्टरडॅम अर्ध्या तासावर. तिथे आधी ‘औडे केर्क’ म्हणजे जुनं चर्च पाहिलं. एके काळी ते संत निकोलसचं कॅथलिक चर्च होतं. आता आत भिंती उघड्या, मूर्ती नाहीत. वरच्या लाकडी छतावरची जुनी चित्रं तेवढी राहिली, कारण तिथवर कुणाचा हात पोहोचला नाही. मे १५७८ मध्ये शहराची सत्ता पालटली. कॅथलिक नगरशासक आणि पाद्री यांना होड्यांत बसवून शहराबाहेर सोडण्यात आलं, रक्त न सांडता. देवाच्या चर्चमध्ये हळूहळू शिरलेला गैरप्रकार अठ्ठ्याहत्तर साली इथे संपवला, अशा अर्थाची ओळ आतल्या जाळीवर कोरलेली आहे. जिंकलेल्यांचा तो ठाम सूर आजही वाचता येतो.

तिथून कालव्याच्या काठानं थोडं चाललं की एक साधं व्यापाऱ्याचं घर लागतं. यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्यानं १६६१ साली हे घर आणि त्यामागची दोन घरं घेतली आणि १६६३ पर्यंत तिन्हींचे माळे जोडून वर चर्च बांधलं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, अरुंद वळणांचे उभे जिने, आणि मग एकदम डोक्यावर दोन मजल्यांचे सज्जे, ऑर्गन, वेदी. सज्जांसाठी मधल्या तक्तपोशी कापून काढल्यात आणि ते लोखंडी सळ्यांनी तोलून धरलेत. वेदीवर याकोब द विटनं १७१६ साली काढलेलं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र आहे. दोन्ही बाजूंचे खांब संगमरवराचे वाटतात, पण आहेत लाकडी, रंगवलेले. त्यातला डावीकडचा पोकळ आहे. प्रवचनाच्या वेळी त्यातून व्यासपीठ बाहेर काढायचं, प्रवचन संपलं की परत आत. इंचाइंचाचा हिशेब.

ही जागा गुपित मात्र नव्हती. दीडशेच्या आसपास माणसं दर रविवारी बाजूच्या बोळातल्या दारानं आत जातात, हे शेजाऱ्यांना कळणार नाही का? कळत होतंच. कोतवालाच्या हातावर पैसे ठेवले की सगळं निभायचं. कायद्यानं बंदी, व्यवहारानं मुभा. डच सहिष्णुतेचं कौतुक करताना हा भाग लोक विसरतात, ते मला पटत नाही. युरोपात इतरत्र माणसं जाळली जात होती, त्या मानानं माळ्यावरची उपासना फार मोठी सोय होती, हे मान्य. पण ती कृपा होती, हक्क नव्हता. बरोबरीचा हक्क यायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली.

याच शहरात ज्यूंनी १६७५ साली भव्य सिनेगॉग उघडपणे बांधलं. ते पोर्तुगीज ज्यू, इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या भीतीनं पळालेल्यांचे वंशज. ज्या इन्क्विझिशननं १५६० पासून गोव्यात ठाण मांडलं, तेच. पुढे १५८० नंतर पोर्तुगालबरोबर गोवाही याच दुसऱ्या फिलिपच्या छत्राखाली आला. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल मी लहानपणापासून पाहत आलेय. मांडवीकाठी ज्या पंथाची एवढी सत्ता, तोच पंथ इथे छपराखाली. कॅथलिक म्हणजे स्पेनचा हस्तक, हा संशय डचांच्या मनातून जायला फार काळ लागला. ज्यूंच्या मागे असलं कुठलं शत्रुराष्ट्र नव्हतं. माळ्याचं उत्तर धर्मशास्त्रात शोधण्याआधी राजकारणात शोधावं, असं मला वाटतं.

१८८७ साली रेल्वे स्टेशनासमोर कॅथलिकांचं मोठं चर्च उभं राहिलं, घुमट आणि दोन मनोऱ्यांचं, आणि त्याला नाव दिलं संत निकोलसचंच. पुढच्याच वर्षी माळ्याचं संग्रहालय झालं, पण आजही तिथे अधूनमधून मिसा, म्हणजे कॅथलिक उपासना होते. तिन्ही चर्च पायी चालायच्या टप्प्यात आहेत. आधी औडे केर्क बघा, मग माळा, स्टेशनसमोरचं शेवटी.