कॉक बंद केलास का?

अण्णांची गाडी दिवाळीनंतर माझ्याकडे आली. २००५ ची, शंभर सीसी. ते आता औशाबाहेर गाडी नेत नाहीत आणि मला रोज कामाला लातूर गाठावं लागतं, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. त्यांच्याकडे लिटरला साठ देणारी गाडी माझ्याकडे महिनाभरात अडतीसवर आली. सकाळी वीस-वीस किका, मागं काळा धूर, आणि पँटीला पेट्रोलचा असा वास की ऑफिसात एकानं विचारलं, "पंपावर लागलास का?"

मिस्त्रीकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा कार्बोरेटरचा (आमच्याकडं त्याला सर्रास कार्पोरेटर म्हणतात, आणि पिण्याच्या बाबतीत नाव शोभतंही) बाजूचा स्क्रू फिरवून मिळाला. आता हा स्क्रू सांभाळतो फक्त गाडी जागेवर चालू उभी असतानाचं पेट्रोल-हवेचं मिश्रण. पळत्या गाडीचं पेट्रोल मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणि स्लाइडची सुई ठरवते. तेव्हा फरक पडला नाही यात नवल नाही.

चहाच्या टपरीवर निकाल तयार होता: इथेनॉल! ऊस आमचाच, शिव्याही आमच्याच. पण हिशेब उलटा आहे. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे जेट तोच ठेवून इथेनॉल मिसळलं तर मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, व्हायला पाहिजे. अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, पण प्लग काळा पडणार नाही, तो पडतो पेट्रोल जास्त झालं की. माझा प्लग तर तव्याच्या बुडासारखा होता. तपकिरी असायला हवा होता.

शेवटी रविवारी मीच बसलो. एअर फिल्टर झटकला तर अर्धी मळणी खाली पडली. सोयाबीनच्या दिवसांत आमच्या रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार. हवा कमी, म्हणजे पेट्रोल आपोआप जास्त. फिल्टर धुतला. चोकचा खटका पूर्ण मागं जातोय ना, तेही बघून घेतलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

खरा घोटाळा ऑइलच्या पट्टीनं सांगितला. ऑइल वरच्या खुणेच्याही वर! गाडी ऑइल पिते हे ऐकलं होतं, ऑइल विते हे पहिल्यांदाच बघितलं. पट्टी नाकाशी धरली, तर पेट्रोल.

म्हणजे पेट्रोल रात्रभर इंजिनात उतरत होतं. पण कार्बोरेटर ओव्हर झाला, म्हणजे भरून वाहायला लागला, तर खाली नळीतून थेंब पडायला हवेत, आणि गाडीखालची फरशी कोरडी! घरात सलाईनची नळी पडली होती, ती जुनी ओव्हरफ्लोची नळी काढून तिच्या जागी लावली, वाटीला (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) चिकटून उभी धरली आणि वाटीखालचा स्क्रू सैल केला. काहीच येईना. तार घातली तर गोळी-गोळी माती निघाली. कुंभारीण माशीनं तिथं घर केलं होतं. भोक मोकळं झाल्यावर पेट्रोल नळीत चढायला लागलं. वाटीच्या जोडाच्या थोडं खालीच थांबायला हवं होतं. ते जोडाच्या वर गेलं आणि चढतच राहिलं.

वाटी खोलली. फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, कानाशी हलवून बघितला. आत पेट्रोल शिरलं असतं तर खुळखुळ वाजला असता. ठीक होता. मग फ्लोटची पिन. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, टोकाला काळं रबर. त्या टोकावर गोल खाच पडलेली, नजरेला जेमतेम दिसणारी, पण नख फिरवलं की अडकायचं. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि या पिनेनं भोक बुजवायचं असतं. खाचेतून पेट्रोल झिरपत राहायचं, खाली वाट मातीनं बंद, मग ते सरळ इंजिनात.

लातूरच्या गंजगोलाई बाजारातून पिन आणि वाटीचं रबर आणलं. दीडशेच्या आत काम झालं. बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरला आणि पेट्रोलच्या नळीतून फुंकून बघितलं. गाल फुगले, हवा गेली नाही. ऑइलही बदललं, पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर गाडी पळवणं म्हणजे इंजिन घासून काढणं. पुढच्या टाकीला सत्तावन्न पडलं.

संध्याकाळी जुनी पिन अण्णांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली.

"गळती की ती. दोन वर्सं झाले."

"मग सांगायचं ना!"

"रोज सांगतूय की तुला, कॉक बंद कर म्हणून."

खरंच सांगायचे. गाडी लावली की आधी कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), मग चावी, ही त्यांची शिस्त. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय. पळती गाडी गळेल तेवढं जाळते. अण्णांकडे उभ्या गाडीत वरून थेंब उतरतच नव्हता. माझ्याकडे ऑफिसात नऊ तास आणि रात्रभर कॉक चालूच.

"आन् कॉकचा वायसर बदललास का?"

"नाही."

"तोबी गळतूय थोडा."

आता पुढचा रविवार त्यात जाणार.