कोपरे शोधण्याचे तीन आठवडे

पहिल्या संध्याकाळी मला लॅपटॉप बंदच करता येईना. नात्यात कुणाचा संगणक अडला की मला बोलावतात, आणि मी आपला पडद्यावर माऊस फिरवत बसलोय. डावीकडे खाली, जिथे विंडोजमध्ये १९९५ पासून ‘स्टार्ट’चं बटण असायचं, तिथे नुसता टास्कबार. शेवटी पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं आणि यंत्राचा गळा आवळावा तसं ते बंद केलं.

ही गोष्ट मार्च २०१२ ची. २९ फेब्रुवारीला बार्सिलोनात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ८ ची ‘कन्झ्युमर प्रिव्ह्यू’ ही चाचणी आवृत्ती जाहीर झाली होती आणि पहिल्या दिवसातच दहा लाखांहून जास्त जणांनी ती उतरवून घेतली होती. त्यातला एक मी. आदल्या सप्टेंबरात आलेल्या ‘डेव्हलपर प्रिव्ह्यू’मध्ये बटण निदान दिसत तरी होतं. दाबल्यावर जुना मेनू न उघडता रंगीत चौकोनांचा अख्खा पडदा समोर यायचा, ते सोडा. या वेळी तेही गेलं होतं.

टाकण्याआधीची तयारी मात्र मी नीट केली होती. चाचणी आवृत्ती विंडोज ७ वर चढवली तर ती काढून टाकायची सोय नाही, मागे यायचं तर मूळ डिस्कवरून सगळं पहिल्यापासून टाकावं लागेल, हे आधीच सांगितलेलं होतं. म्हणून विंडोज ७ ला हात न लावता शेजारी वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा तुकडा, करायचं ठरवलं. चौसष्ट बिटच्या आवृत्तीला २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा हवी होती. ताईचा छोटा नेटबुक या कामाला घ्यावा असं आधी मनात होतं, पण त्याचा पडदा १०२४ बाय ६०० चा. नव्या पद्धतीची ॲप्स उघडायलाच किमान १०२४ बाय ७६८ लागत होतं, आणि दोन ॲप्स शेजारी-शेजारी लावायची तर १३६६ बाय ७६८. तेव्हा नेटबुक बाद. माझा लॅपटॉप बरोबर १३६६ वाला होता, काठावर पास.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह लहान करायला घेतला तर निम्म्याहून जास्त जागा मोकळी असूनही तो फक्त थोडीशीच सोडायला तयार. कारण साधं आहे: काही फायली जागच्या हलत नाहीत, आणि त्यातली एखादी डिस्कच्या मधोमध बसली असेल तर तिच्या अलीकडे कापता येत नाही. तसली मोठी फाइल ठेवणारं हायबरनेशन बंद केलं, तसलीच पेजफाइल काढली, रीस्टार्ट केलं, मग जागा मिळाली. यात अर्धी रात्र गेली. एक युक्ती मात्र कामाला आली. इन्स्टॉल करताना ड्राइव्हची अक्षरं दिसत नाहीत, नुसतं ‘डिस्क शून्य, पार्टिशन तीन’ असं काहीतरी दिसतं. म्हणून मी नव्या पार्टिशनचा आकार मुद्दाम विचित्र ठेवला, ३७ जीबी. तसला दुसरा आकडा यादीत नव्हताच, त्यामुळे फोटो असलेल्या पार्टिशनवर चुकून घाव बसण्याची भीती गेली.

इन्स्टॉल होणं हा सगळ्यात कंटाळवाणा, म्हणजेच सगळ्यात चांगला भाग होता. पेनड्राइव्ह लावला, ‘प्रॉडक्ट की’ टाकली, रंग निवडला. खातं इंटरनेटवरचं हवं की याच यंत्रापुरतं, असं विचारलं, मी यंत्रापुरतं म्हटलं. चालू होताना पडद्यावर एक मासा आला. त्या माशाच्या जातीचं नाव ‘बेटा’, आणि चाचणीची आवृत्ती ती ‘बीटा’. इंग्रजीत ही कोटी बरी बसते. आपल्याकडे मात्र कुणीतरी लाडाने ‘थांब बेटा, अजून शिजतंय’ म्हणतंय असंच वाटत राहतं.

मग ते बंद करण्याचं प्रकरण. दुसऱ्या दिवशी कळलं ते असं: माऊस उजवीकडच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून पाच चिन्हांची एक पट्टी सरकत येते, तिला ‘चार्म्स’ म्हणायचं. त्यातलं ‘सेटिंग्ज’ दाबायचं, मग ‘पॉवर’, मग ‘शट डाउन’. हे सगळं कुठेही लिहिलेलं नाही. कोपरा हा कोपऱ्यासारखाच दिसतो, त्यात काही दडलंय याची खूण नाही. बोटाने वापरायच्या पडद्यावर कडेवरून आत बोट सरकवणं सहज होत असेल, पण माझ्या पडद्याला बोट लावलं तर फक्त डाग पडत होता.

पहिल्या आठवड्यात मी एका वहीत तक्रारी लिहून ठेवल्या. पुढे कंपनीला कळवायच्या होत्या. ती पानं नंतर वाचली तर त्यातल्या बऱ्याच तक्रारींचा अर्थ ‘हे पूर्वी तिथे होतं, आता इथे आहे’ एवढाच होता. त्या कळवण्यात अर्थ नव्हता. हात सरावले की त्या आपोआप विरणार होत्या, आणि विरल्याही. स्टार्टच्या पडद्यावर काहीही न शोधता सरळ टाइप करायला लागलं की प्रोग्रॅम सापडतो, हे समजल्यावर रंगीत चौकोनांशी माझं भांडण मिटलं. विंडोज की आणि एक्स दाबलं की कंट्रोल पॅनेल, डिस्क मॅनेजमेंट, कमांड प्रॉम्प्ट यांची साधी यादी यायची, ती तर आजही रोज वापरतो. डेस्कटॉपवर आल्ट आणि एफ-४ दाबून यंत्र बंद होतं, हे जुनंच होतं, मी विसरलो होतो.

आणि आतून ती आवृत्ती खरोखर चांगली होती. हे तेव्हा कुणी म्हणत नव्हतं असं नाही, पण बटणाच्या गदारोळात ऐकू येत नव्हतं. टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्रॅम जास्त खातोय ते गडद रंगाने दाखवायचे आणि यंत्र सुरू होताना काय काय चालू होतं ते तिथूनच बंद करता यायचं. आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, दोन क्लिकमध्ये डिस्कसारखी उघडायची. फायली कॉपी करताना वेगाचा आलेख दिसायचा आणि काम मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता यायचं. यंत्र सुरू तर असं व्हायचं की आधी बटण दाबून मी हात धुऊन यायचो, आता खुर्ची ओढेपर्यंत पडदा तयार.

त्या वेगामागची गंमत कळायला मला एक फटका बसावा लागला. विंडोज ८ बंद करताना आपले प्रोग्रॅम आणि आपलं खातं पूर्ण बंद होतं, पण गाभा मात्र बंद होत नाही. त्याची तेव्हाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. म्हणजे ‘शट डाउन’पेक्षा ‘रीस्टार्ट’ जास्त खरं, तेच यंत्राला पहिल्यापासून उठवतं. मी टचपॅड चालवणारा ड्रायव्हर बदलून तीनदा बंद-चालू केलं आणि फरक पडत नाही म्हणून कपाळाला हात लावला. चौथ्यांदा सहज रीस्टार्ट केलं तर दोन बोटांनी पान सरकायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉप बैठकीत ठेवला, ज्याला हवं त्याने वापरावा म्हणून. बाबा पहिले. त्यांनी एक फोटो उघडला आणि डेस्कटॉप गायब. फोटो सगळ्या पडद्यावर पसरला, वर फुली नाही, खाली टास्कबार नाही.

‘अरे, माझं बाकीचं कुठे गेलं?’

‘आहे बाबा, मागे आहे. वरच्या कडेला धरून खाली ओढा.’

‘काय धरू? तिथे काही नाहीये.’

बाबांचं बरोबर होतं. तिथे काही नव्हतं. त्यांनी एक चिठ्ठी लिहून पडद्याच्या चौकटीला चिकटवली: ‘बंद – उजवा कोपरा, चाक, पॉवर’. चाक म्हणजे सेटिंग्जचं चिन्ह. पुढे काही अडलं की ते त्या चिठ्ठीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, त्याच नजरेने. वयाचा प्रश्न म्हणून मी हे बाजूला ठेवणार होतो, पण ऑफिसातला माझा एक साथीदार, वयाने माझ्याहून लहान आणि दिवसभर कोड लिहिणारा, बाबांहून जास्त चिडला. त्याच्यापुढे दोन मॉनिटर. चार्म्ससाठी उजव्या कोपऱ्याकडे गेला की माऊस सटकन दुसऱ्या मॉनिटरवर. दोन पडद्यांच्या मधोमध कोपरा पकडणं म्हणजे धावत्या गाडीतून सुईत दोरा ओवणं. ३१ मे ला आलेल्या पुढच्या, ‘रिलीज प्रिव्ह्यू’ आवृत्तीत हे बरंच सुधारलं, माऊस कोपऱ्याशी थोडा अडायला लागला. म्हणजे असल्या तक्रारी ऐकल्या जात होत्या. बटणाची तेवढी नव्हती ऐकलेली.

ताईला मात्र ही आवृत्ती आवडली. तिने आल्या-आल्या चौकोन हलवून आपल्या कामाच्या चार गोष्टी पुढे घेतल्या आणि बाकीचे काढून टाकले. तिला स्टार्ट मेनू कधी फारसा लागलाच नव्हता. ती चार प्रोग्रॅम वापरते, रोज तेच चार. बाबांना दहा खिडक्या एकावर एक उघड्या लागतात, त्या साथीदाराला वीस. त्यांना प्रत्येक वेळी सगळा पडदा झाकला जाणं म्हणजे टेबलावर काम मांडलेलं असताना कुणीतरी वर चादर टाकावी तसं. ताईच्या टेबलावर मुळात एकच कागद. त्याच आठवड्यात, त्याच यंत्रावर, तिघांची तीन मतं, आणि तिघांचंही मला पटत होतं. लोकांची मतं वाचतानाही मग मी आधी हे बघायला लागलो की हा माणूस यंत्रावर नेमकं काय करतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर: आतली गाडी उत्तम, पण सुकाणू अशा हातांसाठी बनवलेलं जे आमच्या घरात कुणाकडेच नव्हते. अंतिम आवृत्ती २६ ऑक्टोबर २०१२ ला बाजारात आली तेव्हाही बटण नव्हतं. ते १७ ऑक्टोबर २०१३ ला विंडोज ८.१ सोबत परत आलं आणि पूर्ण मेनू यायला विंडोज १० उजाडावं लागलं, जुलै २०१५. तोवर क्लासिक शेलसारखी तिऱ्हाइताची सॉफ्टवेअर टाकून लोकांनी आपला मेनू आपणच बसवून घेतला होता.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी विंडोज ८ काढायला घेतलं. चाचणी आवृत्ती तशीही जानेवारी २०१३ च्या मध्यापर्यंतच चालणार होती, आणि मला ३७ जीबी परत हवे होते. शिवाय सुरू होताना कोणतं विंडोज हवं ते विचारणाऱ्या नव्या बूट मेनूचा वैताग आला होता. तो दिसायला सुंदर, पण त्यातून विंडोज ७ निवडलं की यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, कारण मेनू दाखवण्यासाठीच विंडोज ८ चा बराच भाग आधी उठलेला असायचा.

इथे मी घाण केली. टाकताना इतकी काळजी घेणारा मी, काढताना विंडोज ७ मध्ये गेलो आणि सरळ ते पार्टिशन उडवलं. क्रम असा हवा होता: आधी विंडोज ७ ला डीफॉल्ट करायचं, एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच साधनाच्या ‘बूट’ पानावरून विंडोज ८ ची नोंद काढायची, आणि मग पार्टिशन. मी शेवटचं आधी केलं. पुढच्या वेळी यंत्र सुरू झालं ते ‘तुमच्या पीसीची दुरुस्ती करावी लागेल’ या अर्थाच्या इंग्रजी संदेशावर. जो मेनू दाखवायचा तो ज्या पार्टिशनवर होता तेच मी पुसलं होतं. दोष माझाच.

विंडोज ७ ची डिस्क शोधण्यात एक तास. ती जुन्या मोडेमच्या खोक्यात निघाली. त्यावरून यंत्र सुरू करून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा त्याला काहीतरी चुकीचं सापडलं आणि रीस्टार्ट करू का विचारलं. मग ओळखीचे चार रंग एकमेकांकडे तरंगत आले आणि त्यांची खिडकी झाली. डावीकडे खाली गोल बटण.

बाबा मागून बघत होते. त्यांनी चौकटीवरची चिठ्ठी सोलून काढली आणि खिशात ठेवली. का ठेवली, देव जाणे.

मी रिकाम्या झालेल्या जागेवर फोटोंची दुसरी प्रत ठेवायला घेतली. कॉपी सुरू झाली, तेवढ्यात फोन वाजला, बाहेर जावं लागणार होतं. मी कॉपी थांबवायला माऊस नेला आणि खिडकीभर ‘पॉज’ शोधत राहिलो. तिथे फक्त ‘कॅन्सल’ होतं.