आज त्याचा आकार दिसला

जिवाणूच्या जीनोममध्ये काही प्रथिनांच्या नावापुढे नुसतं ‘कार्य अज्ञात’ लिहिलेलं असतं. तसल्याच एकाच्या मागे आम्ही दोन वर्षं होतो.

प्रथिनाचा आकार एक्स-रेने बघायचा तर आधी त्याचे स्फटिक हवेत, आणि ते मिळेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला. प्रथिनाच्या द्रावणाचे शेकडो थेंब लावले, बहुतेकांत नुसता गाळ. मग एकात सुईसारखे बारीक स्फटिक आले आणि पीएच किंचित बदलल्यावर चांगले जाड, धारदार कडांचे. तो इवलासा स्फटिक नायलॉनच्या फासात उचलून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवताना मी अजूनही श्वास रोखून धरते.

एक्स-रेच्या चित्रात ठिपक्यांची तीव्रता मिळते, फेज (लाटांचा एकमेकींशी असलेला मेळ) मात्र हरवते, आणि तिच्याशिवाय आकार काढता येत नाही. म्हणून मेथिओनिन या अमिनो आम्लातल्या गंधकाच्या जागी सेलेनियम घातलेलं प्रथिन बनवलं होतं. त्याच्या आधाराने फेज काढली. (अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने वर्तवलेल्या मॉडेलवरही कदाचित भागलं असतं, पण मला मोजलेलं हवं होतं.)

दुपारी इलेक्ट्रॉन घनतेचा, म्हणजे अणू कुठे आहेत ते दाखवणारा, नकाशा उघडला. बारकावा १.९ अँगस्ट्रॉमपर्यंतचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग)! हेलिक्सचे मळसूत्री वेढे, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा रुंद सपाट भाग, सगळं लख्ख. आणि एका खोबणीत घनतेचा एक गोळा, आम्ही न घातलेला. दोन हिस्टिडिन आणि एक ॲस्पार्टेट, ही अमिनो आम्लं त्याच्याकडे तोंड करून, चौथ्या बाजूला पाण्याचा रेणू, अंतरं दोन अँगस्ट्रॉमच्या आसपास. धातू असणार, बहुधा जस्त. म्हणजे हे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, असू शकतं! कितीतरी वेळ मी तो गोळा नुसता फिरवून फिरवून बघत बसले.

जस्त ज्या ऊर्जेला एक्स-रे एकदम जास्त शोषू लागतं, त्या शोषणकडेच्या अलीकडे-पलीकडे डेटा घेतला की खात्री होईल. दोन स्फटिक अजून शिल्लक आहेत.