एवढी चिरफाड केल्यावर मजा राहते का?

जुन्या चित्रपटांवर बोलायला कुठेही गेलो, की शेवटी कुणीतरी विचारतंच, "एकेक शॉट एवढा सोलून काढता, मग सिनेमा बघायची मजा राहते का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एका चित्रपटाबद्दल सांगतो. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम', १९३६. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं.

पहिल्यांदा तो आजीशेजारी बसून टीव्हीवर पाहिला. वैकुंठाचं विमान आलं आणि आजीने हात जोडले, म्हणून मीही जोडले. चमत्कारांपलीकडे तेव्हा फारसं काही लक्षात राहिलं नाही.

पुढे दिग्दर्शक कुमार शहानी, कलासमीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटावर लिहिलेलं वाचलं आणि पुन्हा बघायला बसलो. सुरुवातीलाच थबकलो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' गातोय. नुसता बसून. कॅमेऱ्यालाही कसली घाई नाही. मग तोच अभंग सालोमालोच्या, म्हणजे तुकोबांवर जळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी येतो. शब्द तेच, पण आता हातवारे आहेत, मुरका आहे, समोरच्यांनी वाहवा करावी म्हणून गळा फिरतोय. तुकोबाचा अभंग हा माणूस आपल्या नावावर खपवतोय, हे कुणी सांगायच्या आधीच कानाला कळतं. अख्ख्या चित्रपटाचं भांडण त्या दोन गाण्यांत मांडून झालेलं असतं. इतक्या वेळा पाहूनही ही जागा आली की मी सावरून बसतो.

'आधी बीज एकले'चंही तसंच. आमच्या घरी ते तुकोबांचा अभंग म्हणूनच म्हटलं जायचं. गाथेत ते नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी ते लिहिलं. हे कळल्यावर गाणं जरासुद्धा उणं वाटलं नाही. उलट वाटलं, गाथा या माणसाच्या अंगात किती मुरली असेल!

आणि आवली, तुकोबांची बायको. गौरीबाईंचं काम. मला विचाराल तर मराठी पडद्यावर इतकी खरी बाई फार क्वचित आली. पोर आजारी, घरात दाणा नाही. मग ही एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात निघते, पांडुरंगाला जाब विचारायला. तिची ती तरातरा चाल बघा. नवऱ्याचा देव तिला चुकलेला नाही. तिला त्याच्याकडून हिशेब हवाय. पागनीसांची संथ लय आणि गौरीबाईंची ही धावपळ एकमेकींना सतत टेकून उभ्या आहेत. चित्रपट भक्तीचा असूनही भाबडा होत नाही, तो यामुळे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तिथे अभंगाची भाषा कुणाला कळत असणार? पण ही चाल कळली असेल.

विमान येतं तेव्हा अजूनही माझे हात जोडले जातात. मात्र आता डोळे आवलीला शोधतात. वैकुंठाला चल म्हटलं तरी ती गेलेली नाही, घरात पोरं आहेत.